पाळण्याचा गोंद, बाळंतिणीचा डिंक

किराणा दुकानात डिंक मागितला की हल्ली विचारतात, "खायचा की चिकटवायचा?" दुकानदार बापडा कामापुरतं विचारतो, पण मला दर वेळी राग येतो. आमच्या लहानपणी हा प्रश्न नव्हता. बाभळीच्या खोडावर जो थिजायचा तोच डिंक बाळंतिणीच्या लाडवात जायचा, त्याचाच चुरा भिजवून माझे वडील लाकडाच्या सांध्याला लावायचे, आणि उरलेल्यावर आम्ही भावंडं हात मारायचो. झाडाचा डिंक निराळा आणि कारखान्यातला गोंद निराळा, हे मला कळलं ते बोईसरला, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. कळलं म्हणजे चांगलंच कळलं.

वडील सुतार होते. सातारा जिल्ह्यात, माणदेशात आमचं गाव. दारं, चौकटी, बैलगाड्यांची दुरुस्ती अशा दणकट कामाला ते सरस वापरत. जनावरांची कातडी-हाडं उकळून केलेला तो पदार्थ चुलीवर चढला की आई जेवण पडवीत नेऊन मांडायची, इतका त्याला वास. पाळण्याला मात्र सरस लावायचा नाही हा वडिलांचा नेम होता. तान्हं बाळ बसायला लागलं की पहिल्यांदा पाळण्याची कड चाटतं, तिथे हाडांचा काढा कशाला, असं ते म्हणत. पाळण्याला फक्त बाभळीचा डिंक. सांधा नीट कापलेला असला आणि वर बांबूची खीळ मारली की डिंकाला फारसं काम उरत नाही, नुसती हलणारी जागा भरायची.

दुसरंही एक कारण होतं. आमच्याकडे पाळणा एका घराचा नसायचा. भावकीत जिथे बाळ येईल तिथे तो जायचा. मग सांध्यांवर गरम पाण्याची फडकी गुंडाळून ठेवायची. डिंक सुटला की खिळी काढायच्या, आणि पाळण्याच्या झाल्या काठ्या. त्या पोत्यात बांधून एसटीच्या टपावर. नव्या घरी पुन्हा डिंक भिजवायचा, पुन्हा पाळणा उभा. मी स्वतः त्या पाळण्यात झोपले, माझे भाऊ झोपले, चुलत्यांची सगळी पोरं झोपली. मी दहाएक वर्षांची असताना आई गेली, तेव्हा पाळणा कुठल्याशा आत्याकडे होता.

नवराही सुताराच्याच घरचा, पण वळण निराळं. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, तिथल्या एका कंत्राटदाराच्या सुतारशाळेत तो मुकादम होता. काँक्रीट ओतायला लागणारे फळ्यांचे साचे तिथे तयार व्हायचे. देशोदेशीची अवजारं त्याने तिथे पाहिली आणि त्याचे डोळे दिपले. घरी आला की तेच पुराण. माझ्या वडिलांचा रंधा म्हणजे त्याला आता गमतीची वस्तू वाटायला लागली होती. मी ऐकून घ्यायची. ऐकवायचीही.

रुळांपासून थोड्या अंतरावर एक बैठी चाळ होती, तिच्यात टोकाची खोली आम्हाला मिळालेली. भिंती विटांच्या, वर कौलं, कौलांखाली हडकुळे वासे. दार इतकं अरुंद की पाण्याची कळशी कमरेवर घेऊन आत यायचं तर तिरकं व्हावं लागे. नवरा सकाळी ट्रकमध्ये उभा राहून कामावर जायचा आणि दिवेलागणीनंतर परत यायचा. मधला सगळा दिवस माझा. दोन दारं सोडून खानदेशातलं कुटुंब, अगदी लागून उत्तरेकडचं एक जोडपं. त्या दोघांचं हिंदी मला कळेना, माझं माणदेशी त्यांना कळेना. खानदेशातल्या बाईशी सुरुवातीला जमलं होतं, पण माझ्या जिभेला धार. तिच्या वरणाला एकदा नावं ठेवली आणि ती दोन हात लांब राहू लागली. सातपाटीच्या कोळणी सुके बोंबील घेऊन यायच्या, त्या वासाने मी दार लावून घ्यायची. असं करून करून दार लावलेलंच राहायला लागलं. मालगाडी गेली की मी डबे मोजायची, म्हणजे कोणी पाहिलं तर काहीतरी काम चाललंय असं दिसावं.

त्या पावसाळ्यात मला दिवस गेलेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेरी आई नाही, आणि वहिनी स्वतःच अवघडलेली. तेव्हा पालघरच्या दवाखान्यात नाव घातलं. नवऱ्याने ठरवलं, पाळणा आपण करायचा. माहेरचा भावकीतला पाळणा तोवर वाळवीने खाल्ला होता, त्यामुळे मीही खूश झाले. वाशांना पाळणा टांगण्यात अर्थ नव्हता, कौलांसकट खाली आला असता. म्हणून चार पायांच्या घोडीवरचा पाळणा करायचा, म्हणजे खाली रुंद बैठक आणि वर झुलता पाळणा. कंत्राटदाराला विचारून त्याने सागाचे तुकडे आणले आणि बाहेर धो धो पाऊस म्हणून खोलीतच काम मांडलं. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी मी भुशातच स्वयंपाक करायची.

सांधे कापून झाले तेव्हा मी म्हटलं, "वडिलांकडून डिंक मागवू का? टपालानं येईल."

त्याने एक डबा पुढे केला. आत घट्ट सायीसारखं पांढरं काहीतरी. "हा बघ. पांढरा गोंद म्हणतात. कारखान्यात करतात. पाणी लागू दे, ऊन लागू दे, लाकूड तुटेल पण सांधा सुटायचा नाही."

मी बोट लावून पाहिलं. चव घेऊ नको, तो घाईने म्हणाला. वास आंबूस होता आणि बोटावर सुकला की कातडीसारखा सोलून निघायचा. झाडाचा, मातीचा, ओळखीचा कुठलाच वास त्याला नव्हता. मी म्हटलं, "सुटायचा नाही तर मग न्यायचा कसा? दारातून मीच तिरकी निघते."

"पाळणा बाहेर कशाला न्यायचाय?" तो हसत म्हणाला. "आपल्याच घरात एकामागून एक लागेल."

मी लाजले आणि विषय तिथेच राहिला. पाळणा खरंच देखणा झाला. गोंद सुकल्यावर सांधा कुठे आहे ते शोधावं लागे. पाऊस थांबल्यावर चाळीतल्या बायका येऊन बघून गेल्या, खानदेशातली सुद्धा आली. नवरा दोन्ही हातांनी घोडी हलवून दाखवायचा, जरा म्हणून कुरकुरत नसे.

थंडी पडायला लागली तेव्हा मी पालघरला गेले आणि बाळ आलं. आलं तेव्हा रडलं नाही. सगळ्यांनी शर्थ केली, दोष कुणालाच देता येणार नाही. मला दाखवलं आणि घेऊन गेले. पुढचं नवऱ्याने आणि त्याच्याबरोबरच्या दोघांनी केलं. कुठे, ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

घरी आले. दार उघडलं तर समोर पाळणा. खोलीत दुसरं काही दिसायला जागाच नव्हती.

चाळीतल्या बायका आल्या, भिंतीला टेकून बसल्या. वय लहान आहे, पुन्हा होईल, म्हणाल्या. चहा घेऊन गेल्या. त्यानंतर आल्या नाहीत. पलीकडे एकीला दिवस गेलेले होते, ती माझ्या दारावरून जाताना पदर पोटावरून पुढे ओढून घ्यायची. मला तिचा राग आला नाही, मीही तेच केलं असतं. पण मला दूध आलं होतं. बाळ नाही हे शरीराला कोणी सांगितलं नव्हतं. कापडाने छाती घट्ट बांधून मी बसून राहायची. कंबर मोडल्यासारखी दुखायची. एरवी अशा वेळी बाईला शेक देतात, अळिवाची खीर देतात, डिंकाचे लाडू देतात. चाळीत कुणी बाळंत झालं की डबे या दारातून त्या दारात जायचे, मी स्वतः दिलेले होते. माझ्याकडे एकही डबा आला नाही. ज्याला पाजायचं तेच नाही, तर लाडू कशासाठी? कुणी वाईट मनाने वागलं असं नाही. मी बाळंतीण आहे हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही, आणि मला तेच सगळ्यात जास्त लागलं. नऊ महिने वाढवलं, कळा दिल्या, आणि त्याला काही नावच नव्हतं.

रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात. आमचा कुणी न हलवता हलायचा. मालगाडी गेली की जमीन थरथरायची आणि घोडीवरचा पाळणा बारीक झोके घ्यायचा. गाडी लांब जाईपर्यंत चालायचं ते. मी गोधड्या घडी करून त्यात ठेवल्या, वर जातं ठेवावं असंही मनात आलं.

एका रविवारी नवरा पाळणा सोडायला बसला. तिरका केला, उभा केला, आडवा केला, दारातून निघेना. मग पाणी तापवलं. माझ्या वडिलांसारखी गरम फडकी सांध्यांवर गुंडाळली. मी जमिनीवर बसून बघत होते. फडकी गार झाली, पुन्हा तापवली. किटलीची वाफ दिली, ठोकून पाहिलं. पांढरा गोंद जरा मऊ झाल्यासारखा वाटायचा, लगेच पुन्हा घट्ट. शेवटी त्याने करवत हातात घेतली आणि धरून बसला. पाळण्याला करवत लावणं त्याच्याने होईना. मी लावा म्हटलं नाही, नका लावू असंही म्हटलं नाही. संध्याकाळी त्याने करवत खुंटीला टांगली, मी गोधड्या परत पाळण्यात भरल्या.

त्या गोंदाला मी पुष्कळ वर्षं शिव्या दिल्या, पण खोटं कशाला बोलू. पुढे दाराची चौकट वाळवीने गेली, घरमालकाने ती उपटून काढली, त्याच दिवशी पाळणा सबंध बाहेर निघाला. जवळच्या पाम गावातल्या एका कुटुंबाने तो नेला. त्यांची पोरं त्यात वाढली आणि एकही सांधा हलला नाही असं मी ऐकलं. गोंदाने त्याचं काम चोख केलं. धरून ठेवणं एवढंच त्याला येतं. डिंक धरतो आणि वेळ आली की सोडतो, तोंडात टाकला तर अंगात जातो. मला त्या दिवसांत सोडणारं काहीतरी हवं होतं.

त्याच दिवसांत एका दुपारी ती आली. रुळांच्या पूर्वेकडे डोंगराच्या बाजूला पाडे आहेत, तिथल्या वारली बायका जळण, कंद असं काहीबाही विकायला यायच्या. ही माझ्याच वयाची असेल, डोक्यावर मोळी, काखेत पानांचा पुडा. पाणी मागितलं म्हणून मी दार उघडलं. पाणी पिता पिता तिची नजर आत गेली.

"पोर निजलाय?" तिने हळू आवाजात विचारलं.

"नाही."

तिने माझ्या बांधलेल्या छातीकडे पाहिलं. "गेला?"

मी मान हलवली. तिने मोळी उतरवली आणि उंबऱ्याच्या बाहेर टेकली. मग मीही आत उंबऱ्याशी बसले. तिने सांगितलं, तिचीही दोन गेली, एक तापाने, एक आल्या आल्याच. मग म्हणाली, "डिक खाल्लास का?"

"मी कशाला खाऊ?"

"बालंतीन हायस ना? पोर गेला, तुजी कंबर कुटं गेली?"

इतक्या दिवसांत हा शब्द मला कुणी लावला नव्हता. तिने पुडा सोडला. आत धावड्याचा डिंक होता, फिकट पिवळे खडे, कुठे कुठे सालीचा तुकडा चिकटलेला. बाभळीपेक्षा स्वच्छ. एक खडा तिने माझ्या हातावर ठेवला. मी तोंडात टाकला. पहिल्यांदा काहीच लागत नाही, मग तो ओला होतो, दाताला धरतो, आणि झाडाखाली बसल्यासारखी चव येते. मला एकदम आईची आठवण आली आणि मी तिच्यासमोर रडले. तिने रडू दिलं. जाताना अर्धा पुडा ठेवून गेली. मी तिला एक लुगडं दिलं, तिने ते उलटसुलट करून पाहिलं आणि घेतलं.

डिंक मी डब्यात घालून फळीवर ठेवला आणि तो तिथेच राहिला. तूप होतं, गूळ होता, खोबरंही होतं. मला लाडू वळता येत नव्हते असं नाही. पण बाळंतिणीचे लाडू बाळंतिणीने वळायचे नसतात, दुसऱ्या कुणीतरी वळून द्यायचे असतात. स्वतःच स्वतःला वळून खाल्ले असते तर ते नुसते लाडू झाले असते. तेव्हा मी डब्याकडे बघायची आणि डबा माझ्याकडे.

नवऱ्याच्या हाती तो डबा लागला तेव्हा तो चहापूड शोधत होता. खडे हातात घेऊन त्याने पाळण्याकडे पाहिलं. "याचा आता काय उपयोग? त्या सांध्याला डिंक काय करणार आहे?"

माझं डोकंच फिरलं. पालघरहून आल्यापासून मी त्याच्याशी मोजकं बोलत होते, त्या क्षणी सगळं बाहेर पडलं. "तुमच्या डोक्यात सांध्याशिवाय काही आहे का? तो खायला आहे. बाळंत झालेल्या बाईला देतात. मी बाळंत झाले, तुम्हाला आठवतंय का? सगळ्या चाळीत एकालाही आठवत नाही, निदान तुम्हाला तरी आठवतंय का?"

त्याने डब्याला झाकण लावून तो जागेवर ठेवला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस आणि मी या पाळण्याच्या दोन बाजूंना म्हातारे होणार.

पुढच्या सुट्टीला त्याने सकाळीच चूल पेटवली. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. तूप तापल्याचा वास आला, मग जळका वास आला. तूप फार तापलं होतं, डिंक बाहेरून काळा आणि आत कच्चा. हे मला पाठ फिरवलेली असूनही कळत होतं, पण मी उठले नाही. त्याने ते बाजूला काढलं, जाळ ओढला, खडे बारीक केले आणि पुन्हा टाकले. या वेळी फुटफुट आवाज आला. डिंक तुपात फुलतो तेव्हा असाच आवाज येतो. मग खोबरं किसणं आलं, गूळ चिरणं आलं. वाटीच्या बुडाने फुललेला डिंक चेचल्याचं ऐकू आलं. मध्ये एकदा त्याने हात भाजून घेतला.

लाडू एका मापाचे नव्हते. रंध्याने लाकूड तुकतुकीत करणारा माणूस, पण गूळ त्याच्या हाताला दाद देत नव्हता. त्याने एक लाडू माझ्यापुढे ठेवला. मी उठून बसले आणि खाल्ला. गूळ जास्त होता, एका बाजूला डिंक कच्चा राहून दातात अडकत होता. तो समोर उकिडवा बसून बघत होता.

"बरा आहे?"

"दाताला धरतोय," मी म्हटलं. "दुसरा द्या."

दुसरा दिला. तोही मी संपवला. मग त्याने उरलेले लाडू ताटलीत भरले आणि तो बाहेर पडला. मला कळेना कुठे चाललाय. आमची खोली टोकाची, शेजारच्या दाराचा शब्द न् शब्द ऐकू यायचा. त्याने कडी वाजवली. दार उघडलं.

"घ्या," तो म्हणाला. "आमच्याकडे बाळंतीण आहे."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाळ झालं की पेढे वाटतात. डिंकाचे लाडू कुणी वाटत नाही, ते बाळंतिणीने घरात बसून खायचे असतात. आणि आमच्याकडे तर वाटण्यासारखं काही झालंच नव्हतं. या माणसाला कुणी हे सांगितलेलं नव्हतं, किंवा सांगितलेलं त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं. उत्तरेकडच्या बाईने काय केलं कोण जाणे. मग पुढचं दार. पुन्हा तेच वाक्य, त्याच सपाट आवाजात, पगाराच्या रांगेत नाव सांगावं तसं. आमच्याकडे बाळंतीण आहे. एकेक दार करत तो चाळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. आवाज लहान होत गेला, पण मला ऐकू येत होता.

रिकामी ताटली घेऊन तो परत आला, ती धुतली आणि माझ्याकडे न बघता बाहेर ओट्यावर जाऊन बसला. मी पाळण्याच्या कडेला हात टेकून बसून राहिले. कुणी येईल असं मला वाटत नव्हतं. लाडू टाकून दिले असतील, हसतही असतील.

ऊन उतरल्यावर खानदेशातली बाई आली. वरणावरून माझ्यावर रुसलेली तीच. तिच्या हातात अर्धा खाल्लेला लाडू होता, तो तिने टाकला नव्हता. ती उंबऱ्याशी जराशी अडखळली, मग तिरकी होऊन आत आली आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसली. पाळण्याकडे नीट पाहिलं. मग पदराने हात पुसून माझा हात हातात घेतला.

"ताई," ती म्हणाली, "मुलगा होता का मुलगी? मी विचारलंच नाही तुम्हाला."

कुणीच विचारलं नव्हतं. मी नवऱ्यालाही कधी तो शब्द बोलून दाखवला नव्हता. ओट्यावर तो पाठमोरा बसलेला दिसत होता, त्याची मान वळली.

"मुलगी," मी म्हटलं. "मुलगी झाली मला."